मोजणी खातं नुसतं मोजत नाही



चाकण एमआयडीसीच्या कडेच्या एका ठाकरवाडीतली आजी मागच्या बैठकीला आली होती. पदराच्या गाठीत कागद बांधून आणला होता. नातवानं सेवा केंद्रातून काढून दिलेला सातबारा. आजीला वाचता येत नाही. तिनं एवढंच विचारलं, "यात माझा बा हाय का बघा."

बा होता. भोगवटादाराच्या रकान्यात त्याचं नाव होतं, पण कंसात. ज्यांनी तलाठ्याकडं हेलपाटे घातलेत त्यांना कंस म्हणजे काय ते ठाऊक आहे. नाव कंसात गेलं म्हणजे माणूस कागदावरून उठला. त्याच्या खाली तिघांची नावं, तिघंही बिगर आदिवासी. शेजारी फेरफाराचा नंबर. आणि उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना कोरा. तिथं 'आदिवासी, कलम ३६अ प्रमाणे हस्तांतरणास बंदी' असा शेरा पाहिजे होता. तो नव्हता.

फेरफार काढला. साल १९७८. "वर्दीवरून नोंद केली", एवढंच लिहिलेलं. कलेक्टरच्या परवानगीचा नंबर नाही, तारीख नाही. आजी म्हणते, बानं जमीन विकली नव्हती. लेकीच्या लग्नाला पैसे उचलले होते आणि दोन वर्षं कसायला दिली होती. ती लेक म्हणजे ही आजीच. आता त्या जमिनीवर सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण आहे. कुंपण घालायच्या आधी मोजणी झाली. मोजणीची नोटीस आजीला आली नाही.

आम्ही विचारायला गेलो. कोणतं कार्यालय, कोण साहेब, ते इथं लिहीत नाही, कारण सगळीकडं हेच उत्तर मिळतं. मोजणीवाले म्हणाले, "सातबाऱ्याला तुमचं नाव नाही, नोटीस कुणाच्या नावानं काढणार? नावाचं तलाठ्याला विचारा." भाऊसाहेब म्हणाले, "नोंद जुनी आहे, माझ्या आधीच्यांची. हद्दीचं मोजणी खात्याला विचारा." दोघंही खोटं बोलले नाहीत. दोघांच्या मधे आजीची जमीन गेली.

आज लिहायचंय ते या 'मधल्या' जागेबद्दल.

दोन खाती, एक जमीन

आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं की जमिनीचे कागद म्हणजे तलाठी. तसं नाही. नाव आणि हक्क लिहितो तो महसूल खात्याचा माणूस. पूर्वीचा तलाठी, आता पाटीवर 'ग्राम महसूल अधिकारी'. त्यानं फेरफार लिहायचा आणि मंडळ अधिकाऱ्यानं तो मंजूर करायचा. जमीन किती, कुठून कुठपर्यंत, गटाचा आकार कसा, नकाशा काय, हे सगळं ठेवतो भूमी अभिलेख विभाग. तालुक्याला उपअधीक्षक भूमी अभिलेख. म्हातारी माणसं त्याला अजून 'टीआयएलआर ऑफिस' म्हणतात. जिल्ह्याला अधीक्षक. आणि सगळ्या राज्याच्या वर जमाबंदी आयुक्त आणि संचालक भूमी अभिलेख. त्यांची कचेरी पुण्यातच आहे. अख्ख्या महाराष्ट्राच्या जमिनीचा हिशोब जिथून चालतो ती जागा चाकणच्या ठाकरवाडीपासून एसटीनं दीड-दोन तासांवर आहे. तरी आजीला तिच्या बापाची जमीन कागदावर सापडायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली.

मोजणी खात्याच्या दप्तरात काय असतं ते माहीत करून घ्या. मूळ मोजणीचं टिपण, गुणाकार बुक, फाळणी नकाशा, आकारफोड, क्षेत्र बदललं तर कमी-जास्त पत्रक. एकत्रीकरण योजना झाली त्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्याची जुळणी सांगणारे तक्ते. मोजणी झाल्यावर मिळते ती 'क' प्रत. आपल्या किती जणांनी यातला एक तरी कागद हातात धरलाय? आणि समोरच्या पार्टीचा एजंट मात्र पहिल्या दिवशी हेच मागतो. त्याला ठाऊक आहे की सातबाऱ्यावरच्या नावाइतकंच नकाशावरच्या रेषेला मोल आहे.

मोजणी कशासाठी सुरू झाली?

हे खातं लोकांच्या हक्कासाठी जन्मलं नाही, हे विसरू नका. पेशवाई गेल्यावर इंग्रजांना सारा हवा होता. आपल्याच पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या साहेबानं पहिली मोठी मोजणी केली. मापं चुकली, सारा जबर बसला, शेतकरी जमिनी टाकून गेले. मग १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं मोजणी आणि आकारणी बसवली. तीच पद्धत पुढं मुंबई इलाखाभर गेली. आपला गुंठासुद्धा त्या मोजणीच्या साखळीचा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

ती साखळी नांगराखालच्या, सारा देणाऱ्या जमिनीवर फिरली. जो डोंगरउतारावर नाचणी-वरई पेरून दोन वर्षांनी जागा बदलत होता, त्याचं शेत तिला दिसलं नाही. ते कुठं 'पड' म्हणून लिहिलं गेलं, कुठं गायरान, कुठं सरकारी जंगल. माणूस तिथंच राहिला, कागदावर जमीन मात्र सरकारची झाली. ज्यांची जमीन लिहिली गेली, त्यांचीही टिकली नाही. सारा रोख भरायचा म्हणून सावकाराकडं जायचं, आणि सावकाराचा कागद कोर्टात खरा. १८७३ ते १८७६ या काळात जांभोरीच्या होन्या केंगल्यानं सावकारांविरुद्ध बंड केलं. १८७५ मध्ये सुप्याला शेतकरी उठले, त्यांनी सावकाराच्या घरातली खतपत्रं काढून जाळली. आपल्या माणसांना वाचता येत नसेल, पण कागद काय करतो ते त्यांना पुरतं कळलं होतं.

शंभर वर्षांनी कायदा आला

बंडं झाली, मोर्चे झाले, तेव्हा कुठं कायदे बदलले. त्यातले दोन प्रत्येक वाडीत पाठ पाहिजेत.

पहिला, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ३६ आणि ३६अ. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडं विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा 'किंवा अन्यथा' जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा भाडेपट्टा असेल तर कलेक्टरची आधी परवानगी. बाकी सगळ्याला कलेक्टरची परवानगी, आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता. शिवाय कलेक्टरनं बघायचं की त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला तयार असलेला आदिवासी आहे का. तो नसेल तरच परवानगीचा विचार.

दुसरा, अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडं गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी तो आहे. या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला.

अर्ज करायची मुदत पूर्वी संपत आली होती, ती वाढवून ६ जुलै २००४ पासून तीस वर्षं केली. म्हणजे ६ जुलै २०३४. लांब वाटतं, पण आजीचा एक फेरफार काढायला चार महिने गेले. हिशोब तुम्हीच करा.

आणि एक गोष्ट. आंबेगाव, जुन्नरचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं पेसा लागतो. खेड तालुका त्यात नाही. म्हणून इथले दलाल सांगत फिरतात की "इकडं आदिवासी कायदा लागू नाही." साफ खोटं. कलम ३६अ माणसाला लागतं. आदिवासी खातेदार महाराष्ट्रात कुठंही असो, भोरगिरीच्या डोंगरात असो नाहीतर चाकणच्या नाक्यावर, त्याच्या जमिनीला ते लागू आहे.

शेरा कुठं जातो?

मग कायदा असून जमिनी कशा गेल्या? बऱ्याच वेळा उत्तर 'इतर हक्क' या रकान्यात सापडतं. तिथं शेरा असला की दस्त नोंदवणारा विचारतो, "परवानगी कुठंय?" शेरा नसला की कुणी विचारत नाही.

शेरा जायच्या वाटा खूप. पहिल्यांदाच लिहिला गेला नाही. वारस नोंद करताना राहिला. गटवारीत चार तुकडे एकत्र झाले, त्यात गळाला. हस्तलिखितावरून संगणकावर चढवताना सुटला. संगणकीकरणात चुका झाल्या हे शासनानंही मान्य केलं, म्हणून तर २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन लावलं होतं. सातबारा मोठ्यानं वाचायचा, लोकांनी चुका सांगायच्या. योजना चांगली. पण चावडी गावठाणात, आणि आपली वाडी दोन किलोमीटर लांब, आणि माणसं वीटभट्टीवर नाहीतर कंपनीत कंत्राटदाराच्या पाळीला. वाचलं ते ऐकायला आपला माणूसच नव्हता.

फेरफाराचंही तसंच. कलम १५० सांगतं की नोंद लिहिली की तिची प्रत चावडीत लावायची आणि संबंधितांना नोटीस द्यायची. त्याला पंधरा दिवसांत हरकत घ्यायची. आता ही यादी मोबाईलवरही दिसते. पण आजीच्या बाला १९७८ मध्ये नोटीस मिळाली असेल तर तिच्यावर अंगठा कुणाचा, हे आज कोण सांगणार? आणि कलम १५७ म्हणतं की मंजूर नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे लिहिणाऱ्यानं दोन मिनिटांत लिहिलं, आणि खोटं ठरवायचं ओझं तीन पिढ्यांवर.

इथं एक लक्षात ठेवा, शेरा पुसला गेला म्हणून कायदा पुसला जात नाही. शेरा ही फक्त सूचना आहे. जमीन आदिवासीची होती हे दाखवता आलं की ३६अ उभं राहतं. म्हणून जुने कागद सोन्यासारखे जपायचे. जुन्या फेरफारात बऱ्याचदा नावापुढं 'ठाकर', 'कोळी महादेव', 'कातकरी' असं लिहिलेलं असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असतं, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. नव्या सातबाऱ्यावर नुसतं आडनाव येतं, आणि आडनावावरून कुणालाच काही कळत नाही.

रेषा कुणासाठी ओढली?

आता खास मोजणी खात्याकडं येऊ. चाकण पट्ट्यात त्याची भूमिका तीन ठिकाणी बोचते.

पहिलं, भूसंपादनाची संयुक्त मोजणी. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, सावरदरी, वासुली, आंबेठाण, भांबोली, वराळे. एमआयडीसीचे टप्पे या गावांतून सरकत गेले. आता रिंगरोड, रुंद होणारे हमरस्ते. प्रत्येक वेळी आधी येतात ते मोजणीवाले. त्यांच्या पत्रकात विहीर, झाडं, घर, वहिवाट जे लिहिलं जातं त्याचा मोबदला होतो. जे लिहिलं जात नाही ते तिथं नव्हतंच. गायरानात तीस-चाळीस वर्षं असलेली कूडाची घरं, बांधावरची आंब्याची झाडं, कसणाऱ्याचं पीक, हे लिहायचं की नाही हे त्या दिवशी टेबल घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या पेनावर असतं. ३६अ सरकारी संपादन थांबवत नाही. म्हणून तिथं आपला बचाव एकच, पत्रकात नाव आणि कब्जा येणं.

दुसरं, वाडीची जागा. २०२० पासून देशभर स्वामित्व योजना सुरू आहे. ड्रोननं गावठाण मोजून घराघराला मिळकत पत्रिका द्यायची. तिची सुरुवातीची चाचणी आपल्याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाली. ड्रोन वरून सगळं बघतो हो, आपली वाडीही बघतो. पण मोजायचं ते गावठाण. ठाकरवाडी, कातकरवाडी गावठाणाच्या हद्दीबाहेर, कुणाच्या मालकीत नाहीतर गायरानात. ड्रोनच्या फोटोत आपली पत्र्याची छपरं दिसतात आणि मिळकत पत्रिका शेजारच्या गावठाणाला मिळते. यावर उपाय कायद्यात आहे. कलम १२२ खाली कलेक्टर गावठाणाची हद्द ठरवू शकतो, वाढवू शकतो. मागणी मात्र आपण केली पाहिजे. मोजणी खातं स्वतःहून म्हणणार नाही की इथं साठ घरं आहेत, यांचं गावठाण कुठंय?

तिसरं, वनहक्काचे पट्टे. २००६ चा कायदा झाला, भीमाशंकरच्या बाजूच्या आपल्या माणसांनी दावे केले, काहींना पट्टे मिळाले. पण पट्टा फ्रेममध्ये लावायचा कागद नाही. २०१२ मध्ये नियमात सुधारणा झाली. नियम १२अ सांगतो की हक्क मान्य झाल्यावर महसूल आणि वन खात्यानं अंतिम नकाशा करायचा आणि तीन महिन्यांच्या आत तो हक्क दप्तरात चढवायचा. तुमच्या पट्ट्याची नोंद सातबाऱ्याला लागलीय का? नकाशा आहे का? नसेल तर वन खातं उद्या म्हणेल की पट्टा आहे, पण नेमका इथला नाही.

या तिन्ही ठिकाणी खातं म्हणतं, "आम्ही कुणाची बाजू घेत नाही. जे आहे ते मोजतो." हे मला मान्य नाही. काय 'आहे' म्हणायचं आणि काय 'नाही' म्हणायचं, हे ठरवणं म्हणजेच बाजू घेणं. पैसे भरणाऱ्याची मोजणी लवकर होते. नाव असलेल्याला नोटीस जाते. ज्याचं नाव चुकीनं गेलं त्याला ती चूक कळायची वाटच बंद. खात्यानं वाईट मनानं केलं नाही तरी निकाल एकाच बाजूला पडतो.

दुसरी बाजूही ऐकू

दोन माणसांचं म्हणणं इथं मांडलं पाहिजे, नाहीतर आपण आपल्याशीच बोलत बसू.

एक भूकरमापक ओळखीचा आहे. तो म्हणतो, "दादा, माझ्याकडं तालुक्याच्या मोजण्या पडल्यात. नकाशे जुने, फाटलेले. रोव्हर हातात दिला, पण जुन्या टिपणाशी जुळत नाही. जो मोजणीच्या वेळी उभा राहून भांडतो त्याचं म्हणणं मी लिहून घेतो. तुमचा माणूस उभाच राहत नाही." हे खरं आहे, आणि टोचणारं आहे. पण यातून आपण शिकायचं, त्यांनी सुटायचं नाही. नोटीसच नाही तर माणूस उभा कसा राहणार?

दुसरं म्हणणं आपल्याच पोरांचं. ते सोपं नाही. कंपनीत बारा तास राबून महिन्याला हातात येतं त्यात भाडं आणि हप्ता भागत नाही. शेजारच्या पोरानं दोन गुंठे विकून बंगला बांधला. आपला पोरगा म्हणतो, "आमच्याच जमिनीला कुलूप का? ३६अ काढून टाका, आम्हालाही बाजारभावानं विकू द्या." त्यात २०२५ च्या सप्टेंबरात आदिवासींच्या जमिनी खासगी लोकांना भाड्यानं देण्याची वाट सोपी करू, अशी घोषणा महसूल मंत्र्यांनी केली. संघटनांनी विरोध केला, पण बऱ्याच पोरांच्या मनात ते घर करून बसलंय.

त्या पोराला उपदेश करून चालणार नाही. त्याची अडचण खरी आहे. फक्त त्याला एक विचारा. आजवर ज्या जमिनी गेल्या त्या बाजारभावानं गेल्या का? विसार पावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नोटरीचा कागद, नव्याण्णव वर्षांचा करार, दुसऱ्याच एखाद्या आदिवासीच्या नावावर घेतलेली जमीन. यातून मिळालेले पैसे किती दिवस पुरले? कायदा असताना असे भाव मिळाले, कायदा नसता तर काय मिळालं असतं? ज्याच्याकडं कागद वाचायची ताकद नाही, त्याला बाजारात भाव ठरवता येत नाही. आधी नाव, नकाशा, हद्द हातात घे, मग जमिनीचं काय करायचं ते घरात बसून ठरव. आधी कुलूप तोडून मग घर शोधायचं नसतं. झारखंडची माणसं १९०८ च्या छोटानागपूर कायद्यासाठी आणि १९३२ च्या खतियानासाठी अजून रस्त्यावर उतरतात. जुना कागद टिकवला तर माणूस टिकतो, हे त्यांनी पाहिलंय.

मागणं काय?

भूमी अभिलेख आणि महसूल, दोन्ही खात्यांकडं आपलं मागणं साधं आहे.

१. खेड, मावळ, मुळशीतल्या आदिवासी खातेदारांचे जुने हस्तलिखित सातबारे आणि आजचे संगणकातले सातबारे समोरासमोर ठेवून तपासा. जिथं ३६/३६अ चा शेरा गळालाय तिथं तो अर्जाची वाट न बघता लावा. कलम १५५ खाली लेखनातल्या चुका दुरुस्त करायचा अधिकार आहे.

२. ६ जुलै १९७४ नंतर कलेक्टरच्या आदेशाशिवाय झालेले फेरफार शोधून काढा. ३६अ खाली कलेक्टर स्वतःहूनही चौकशी करू शकतात. आजीनं अर्ज करावा म्हणून थांबायची गरज नाही.

३. मोजणीची नोटीस सातबाऱ्याच्या नावाबरोबर प्रत्यक्ष कब्जेदारालाही द्या, आणि ती वाडीत लावा.

४. आदिवासींच्या जमिनीची, वनपट्ट्याची आणि वाडीच्या जागेची मोजणी फी न घेता करा.

५. चावडी वाचन वाडीत या आणि करा. संध्याकाळी सातनंतर, पाळी सुटल्यावर.

आणि आपण काय करायचं?

मागणं देऊन घरी बसलो तर काही होत नाही. येत्या महिन्यात प्रत्येक वाडीत एक रात्र बैठक लावायची. घरटी सातबारा, आठ-अ आणि जेवढे मिळतील तेवढे जुने फेरफार गोळा करायचे. बा किंवा आजा गेला असेल तर वारस नोंद लावून घ्या. लेकींची नावं वगळू नका. भावांनो, हे तुम्हाला सांगतोय. आजीचं नाव तिच्या भावानं लावलं असतं तर १९७८ चा कागद कदाचित लवकर हाती लागला असता.

फेरफार मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करा. पोच घ्या. मोजणीवाले आले तर घरातलं एक माणूस त्या दिवशी पाळीला जाऊ नका. पत्रक वाचून दाखवायला सांगा. पटलं नाही तर सही-अंगठा करण्याआधी स्वतः किंवा कुणाकडून 'हरकत आहे' असं लिहा. मोजणी चुकली असं वाटलं तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या स्टँपवर अंगठा नाही म्हणजे नाही, मग समोर पाहुणा असो नाहीतर पुढारी.

आजीचा अर्ज आम्ही दाखल केला. १९७८ चा फेरफार, जुना सातबारा आणि कोतवाल बुकातली तिच्या जन्माची नोंद जोडली. तीत बापाचं नाव आहे, आणि जातीच्या रकान्यात 'ठाकर'. पोच मिळाली त्या दिवशी आजीनं विचारलं, "आता बा कंसातनं बाहेर येईल का?" आम्ही तिला खोटं सांगितलं नाही. तारखा पडतील, समोरचा वकील लावेल, वेळ लागेल, हे सांगितलं. ती म्हणाली, "लागू दे. मी तारखेला येते."

तारखेला तिच्याबरोबर वाडीतली माणसं पाहिजेत. हे पत्रक ज्याला वाचता येतं त्यानं न येणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि कुणाकुणाच्या सातबाऱ्यात कंस सापडले ते पुढच्या बैठकीत घेऊन या.